विनंती अर्ज

मास्तर माणसाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते, असं विचारलं तर लोक म्हणतात, इन्स्पेक्शनची. साफ चूक. इन्स्पेक्शन वर्षातून एकदा होतं, आणि साहेबांना पोहे आवडले तर बाराच्या आत आटपतंही. मास्तराला खरी भीती वाटते ती मागण्याची. साठ पोरांचा वर्ग नुसता चष्म्यावरून बघून गप्प करणारा हा प्राणी स्वतःच्या थकलेल्या पगाराची गोष्ट काढायची म्हटली, की आवंढा गिळतो, खिशातला खडू चाचपतो आणि "नाही, म्हणजे, आपल्या सवडीनं..." असं काहीतरी पुटपुटत परत फिरतो. दूधवाला दुधाचे पैसे मागतो, न्हावी दाढीचे मागतो, देवळातला पुजारीसुद्धा ताम्हन पुढं करतो. मास्तर मात्र महिनाभर घसा कोरडा करून पगाराच्या दिवशी असा चेहरा करतो, की जणू पगार हा कुणाचा तरी पडलेला रुमाल आहे आणि आपण तो चुकून उचलतो आहोत.

याचं मूळ मी शोधून काढलं आहे. ते मराठीच्या तासात आहे. मी गडहिंग्लजच्या एका हायस्कुलात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे पस्तीस वेळा 'विनंती अर्ज' शिकवला. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. डावीकडं 'मा. मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेशी'. मग विषय, मग महोदय, मग 'आपणांस नम्र विनंती करण्यात येते की', शेवटी 'माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा', आणि तळाला 'आपला आज्ञाधारक'. 'नम्र' राहिलं, अर्धा मार्क गेला. 'आज्ञाधारक' राहिलं, आणखी अर्धा. एका पोरानं फीमाफीच्या अर्जात सरळ लिहिलं होतं, 'माझी फी माफ करा, वडील देणार नाहीत.' वाक्य शुद्ध, अर्थ स्वच्छ. पण नमुन्याप्रमाणं त्याला पाचांपैकी दीडच मार्क बसत होता. पुढं तो पोरगा मिरचीचा अडत्या झाला, आणि आज मागण्याच्या बाबतीत अख्ख्या बाजारात त्याचा हात कुणी धरत नाही. पाचांपैकी पाच मिळवणारे बहुतेक सगळे मास्तर झाले.

तर अशा या मास्तरांनी एकदा मागितलं. त्याची ही गोष्ट.

गडहिंग्लज हे हिरण्यकेशीच्या काठचं तालुक्याचं गाव. कर्नाटक इतकं जवळ, की संकेश्वरकडून येणाऱ्या वाऱ्यात थोडं कानडी असतं आणि बाजारातून जाणाऱ्या वाऱ्यात लाल मिरची. गूळ, मिरची आणि फुटबॉल या तीन विषयांवर इथला माणूस रात्र काढू शकतो. १९७७ साली या गावात दोन जातींचे मास्तर होते. एक पोस्टमास्तर, दुसरे आम्ही शाळामास्तर. दोघांच्या पिशव्या सारख्याच फाटक्या आणि दोघंही अण्णांच्या एकाच किराणा दुकानातून तूरडाळ न्यायचे. फरक एवढाच, की पोस्टमास्तर केंद्र सरकारचे आणि आम्ही राज्य सरकारच्या पैशावरचे.

आता हा फरक डाळीला कळत नव्हता, पण सरकारला कळत होता. महागाई वाढली की नोकरदाराच्या पगारात महागाई भत्त्याची भर पडते. भाव किती चढले याचा एक निर्देशांक असतो, त्यावरून ती भर ठरते. दिल्लीची भर वेगळी, मुंबईची वेगळी, आणि मुंबईची नेहमी मागं. म्हणजे सरकारी हिशेबानं अण्णांच्या एकाच पोत्यातली डाळ पोस्टमास्तरांना महाग पडत होती आणि आम्हांला स्वस्त. अण्णांना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी तराजू खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग आजपास्नं तुमाला कोंच्या भावानं लावू?"

राज्यभरच्या कर्मचाऱ्यांची मागणी एका ओळीची होती, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता. त्या वर्षी मार्चमध्ये आणीबाणी उठली होती. पावणेदोन वर्षं तोंड मिटून बसलेल्या लोकांना आपल्याला तोंड आहे, याची नुकतीच आठवण झाली होती. मुंबईहून र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली संपाची हाक आली आणि आमच्या तालुक्यातल्या मास्तरांचीही बैठक बसली. अक्षर बरं म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, नोकरीला दोन वर्षं झालेली, लग्नाला एक.

मी सवयीनं लिहिलं, 'आम्ही खाली सह्या करणारे शिक्षक नम्र विनंती करतो की'.

"थांबा," गणिताचे सर म्हणाले. "विनंती कशाला? मागणी लिहा."

झालं. त्या एका शब्दावर दोन संध्याकाळी गेल्या. चहाचे कप मोजायचं काम पीटीच्या सरांनी केलं. बैठकीत एक प्राथमिक शाळेचे गुरुजी होते, निवृत्तीला आलेले, धोतर, काळी टोपी, आयुष्यात कुणाला अरे म्हटलेलं नाही. ते कळवळून म्हणाले, "मागणी म्हणजे फार उद्धट वाटतं हो. मागणी मुलीला घालतात."

गणिताच्या सरांनी सिद्धान्त मांडला. विनंती केली की उत्तर 'बघू' येतं. मागणी केली की 'नाही' येतं. 'नाही' आलं तर पुढची पायरी मांडता येते. 'बघू'ला पुढची पायरीच नाही. ते शून्यानं भागण्यासारखं आहे, उत्तर निघत नाही आणि पाटी भरत जाते.

मग तडजोडी सुरू झाल्या. कुणी 'नम्र मागणी' सुचवलं, कुणी 'आग्रहाची विनंती'. चित्रकलेच्या सरांचं मत, शब्द विनंतीच ठेवावा पण लाल शाईनं लिहावा. पीटीचे सर म्हणाले, "सावधान आणि विश्राम एकाच शिट्टीत होत नाही. एक काय ते ठरवा."

आणि मग दुसऱ्या संध्याकाळी, दिवेलागणीला, गुरुजींनीच टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "लिहा मागणी. तीस वर्षं विनंती करून बघितली. जाण्यापूर्वी एकदा मागून तरी बघू."

खोलीत कुणी बोललं नाही. मी 'विनंती'वर काट मारली. हात किंचित थरथरला. इतकी वर्षं ज्या शब्दाला मार्क देत आणि घेत आलो, त्यावर रेघ ओढताना थरथरणारच.

१४ डिसेंबर १९७७ ला संप सुरू झाला. सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषदेचे, शिक्षक, सगळे. पहिल्या दिवशी आम्ही निवेदन घेऊन तहसील कचेरीवर गेलो. घोषणा द्यायच्या होत्या. मास्तरांना घोषणा देता येत नाहीत. आम्ही त्या कवितेसारख्या चालीत म्हटल्या, आणि दुसऱ्या ओळीनंतर रांग आपोआप दोन-दोनची झाली. रस्त्यावरची आमचीच पोरं कौतुकानं बघत होती. एकानं तर मागच्या रांगेतल्या सरांना सांगितलं, "सर, मोठ्यानं म्हणा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत नाही."

कचेरीत गेलो तर तहसीलदार साहेब एकटे. पाणी स्वतः भरून पीत होते. त्यांनी निवेदन सौजन्यानं वाचलं, एका ठिकाणचा ऱ्हस्व उकार दीर्घ हवा का विचारलं, आणि कागद टेबलावर ठेवला. आता मास्तर कितीही क्रांतिकारक झाला तरी पोच घेतल्याशिवाय हलत नाही. आम्ही पोच मागितली. पोच द्यायची आवक-जावक कारकुनानं. आवक-जावक कारकून कुठं? बाहेर, आमच्या शेजारच्या सतरंजीवर, संपात. चिटणीसांनी जाऊन त्याला विचारलं. त्यानं मोठ्या प्रेमानं सांगितलं, "सर, शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे, आणि मी संपावर आहे. उघडलं तर संप फुटेल." मग तहसीलदार साहेबांनी आपल्या हातानं 'मिळाले' असं लिहून सही केली. तो कागद चिटणीसांनी कितीतरी वर्षं ट्रंकेत जपला होता. राज्याकडून त्या संपात मिळालेली ती पहिली गोष्ट.

आठवड्यात मिटेल, असं सगळे म्हणत होते. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, शेजारच्या सांगलीचे. आपल्याकडचा माणूस, आपलं दुखणं कळेल, असा हिशेब. पण मुंबईत गेलेला माणूस तिजोरीच्या बाजूनं बसतो आणि तिथून सांगली काय, गडहिंग्लज काय, सगळं सारखंच लांब दिसतं. नाताळ गेला, नवं वर्ष आलं, संक्रांत आली. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं म्हणायची चोरी झाली, कारण गोड बोलायला कुणी समोर बसतच नव्हतं.

पगार दोन महिने नाही. जानेवारीत एक दिवस मला आमच्या हिच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. मी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. त्या काळी नवरा-बायकोतल्या वाटाघाटी अशाच होत असत, आणि सरकार-कर्मचाऱ्यांपेक्षा लवकर मिटत असत. तसं बघितलं तर मागणं हिला माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं यायचं. मिरचीच्या ढिगापुढं उकिडवी बसून ही भाव सांगायची, उठायची, चार पावलं जायची, आणि पाचव्या पावलाला मागून हाक यायचीच. मला नेहमी वाटतं, शिष्टमंडळात हिला पाठवलं असतं तर उठून चार पावलं कधी चालायची आणि पाचवं कुठं थांबवायचं, हे राज्याला त्याच आठवड्यात कळलं असतं.

शेवटी अण्णांच्या दुकानात मला जावं लागलं. दोन महिन्यांची उधारी, वर आणखी मागायचं. मी पायरीवर उभा राहून विनंती अर्जाचा मायना मनात जुळवत होतो, 'महोदय, वरील विषयास अनुसरून'. अण्णांनी लाल कापडाची वही बाजूला सारली आणि हात हलवला. "इर्ली बिड्री, सर." असू द्या हो, सोडा. "पैसं कुटं पळून जात्यात? सामान न्या. पर माजं पोरगं दहावीला हाय. मार्चात परीक्षा. त्येचं काय करायचं, त्ये सांगा आदी."

चोपन्न दिवसांत दोन पक्ष समोरासमोर बसून झालेली, माझ्या डोळ्यांदेखतची ही एकमेव बोलणी. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, मध्ये गुळाचा रवा. आणि पाच मिनिटांत करार झाला. उधारी चालू, अभ्यास चालू.

पण संपात शिकवायचं म्हणजे संपफोडेपणा नाही का? पुन्हा बैठक. पुन्हा चहा. या वेळी गुरुजींनीच तोडगा काढला. म्हणाले, घंटा नाही, फळा नाही, हजेरी नाही, म्हणजे ती शाळा नव्हे. हजेरी न घेता बोलणं याला आपल्याकडं प्रवचन म्हणतात, आणि प्रवचनाला संपातही बंदी नाही. मग रोज संध्याकाळी एका देवळाच्या ओवरीत दहावीच्या पोरांचं प्रवचन सुरू झालं. गणिताचे सर कोळशानं फरशीवर त्रिकोण काढायचे. दोन म्हाताऱ्या रोज खांबाला टेकून ऐकायच्या. पायथागोरसाचा सिद्धान्त सरांनी असा रंगवला, की शेवटी कर्णाचा वर्ग सिद्ध झाल्यावर एकीनं हात जोडले, हा महाभारतातलाच कर्ण ना, म्हणून विचारलं, आणि दहा पैसे फरशीवर ठेवून गेली. संपाच्या काळातली आमची ती एवढीच रोख कमाई.

५ फेब्रुवारी १९७८ ला, चोपन्नाव्या दिवशी, संप संपला. केंद्राचा भत्ता काही त्या दिवशी आमच्या पदरात पडला नाही. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, हजेरी झाली, आणि त्याच महिन्यात विधानसभेच्या निवडणुका असल्यामुळं मतदानकेंद्रांवर बसायला मास्तर लागणारच होते, ते सरकारला मिळाले. पोस्टमास्तर रस्त्यात भेटले तर खाली मान घालून जायचे, जणू आमची डाळ त्यांनीच महाग केली होती. वर्गात मात्र काहीतरी बदललं होतं. नेमकं काय ते मला मार्चमध्ये कळलं. गणिताच्या सरांनी मुख्याध्यापकांकडं नव्या कंपासपेटीचा कागद दिला, त्यात 'मागणी' असा शब्द होता, आणि कंपासपेटी आठ दिवसांत आली.

जुलैत मुंबईत सरकार पालटलं. शरद पवार मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या पुलोद सरकारनं केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मान्य केला. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते. आम्ही पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. पेढा कपाळाला लावून म्हणाले, "मागणी घातली म्हणून लगेच लग्न लागत नाही. पण पत्रिका तरी बघावी लागते." अण्णांची वही हप्त्याहप्त्यानं कोरी झाली. हिच्या पाटल्या यायला दोन वर्षं लागली. पहिल्यापेक्षा थोड्या बारीक होत्या. अण्णांचा पोरगा दहावी पास झाला.

माझा भाचा शिकागोत असतो. २०१९ साली त्याचा फोन आला, "मामा, पोरं घरात. शाळांचा संप आहे." मी अनुभवी माणूस. म्हटलं, उधारीची सोय आहे का तुझ्याकडं? तो हसला. तिथं म्हणे शहराचं एक शाळामंडळ असतं, शिक्षकांची एक संघटना असते, आणि दोघं मिळून ठरावीक वर्षांचा करार लिहितात. मुदत संपत आली की पुन्हा टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. जमलं नाही तर संप. २०१२ साली शाळेचे सात दिवस चालला होता, २०१९ ला अकरा दिवस. आणि २०१९ ला नुसता पगार नाही मागितला, प्रत्येक शाळेत नर्स हवी, समाजसेवक हवा, हेही मागितलं, आणि ते करारात लिहून घेतलं.

मला नर्सचं नवल वाटलं नाही. आमच्याकडंही पोरगं पडलं तर पीटीचे सर हळद लावत. नवल वाटलं ते टेबलाचं. समोर एक माणूस बसलेला आहे, आणि तोच नेमणूक देणारा, तोच पगार देणारा, तोच हो किंवा नाही म्हणणारा! आमच्या खाजगी हायस्कुलांत मास्तराची नेमणूक करते संस्था, पगार देतं सरकार आणि नावं ठेवतात पालक. संस्थेकडं गेलं तर म्हणतात, "आमच्या हातात काय आहे? सरकारकडं जा." सरकारकडं गेलं तर म्हणतात, "तुमची संस्था खाजगी, तिथं विचारा." नोकरीची हमी देणारा कायदा १९७७ सालच्या नावाचा, आणि त्याचे नियम यायला १९८१ उजाडलं. तोवर नोकरी अध्यक्षांच्या मर्जीवर, आणि मर्जी त्यांच्या पोटदुखीवर. आमचं गाऱ्हाणं मांडायला विधान परिषदेत शिक्षकांचे वेगळे आमदार असतात, अठ्ठ्याहत्तरांत सात. म्हणजे आम्हांला टेबल दिलेलं नाही, पण टेबलाविषयी भाषण करणारे सात जण दिले आहेत.

टेबल नसलं की मग शब्दांचं राज्य येतं. मराठीचा मास्तर म्हणून मला या शब्दांचं फार कौतुक. २००० साली 'शिक्षणसेवक' आला. नव्या शिक्षकानं पहिली तीन वर्षं सेवा करायची आणि पगार नाही, मानधन घ्यायचं. प्राथमिकला महिना तीन हजार रुपये. या शब्दाचा समास मी वर्गात सोडवायला दिला असता तर हुशार पोरानं लिहिलं असतं, ज्यात मान नाही आणि धनही नाही ते मानधन. वाढत वाढत २०२३ साली ते प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार झालं. २००१ साली त्याहून जोरकस शब्द आला, 'कायम विनाअनुदानित'. शाळा काढा, पोरं शिकवा, अनुदान कायमचं मागायचं नाही. त्यावर इतकी आंदोलनं झाली, की २००९ साली सरकारनं त्यातला 'कायम' हा शब्द वगळला. एक विशेषण काढायला आठ वर्षं. आणि विशेषण गेलं तरी नाम जागच्या जागी राहिलं, विनाअनुदानित.

मार्च २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' अशी घोषणा. यमक पक्कं होतं. आमच्या काळी एवढं यमक असतं तर संप निम्म्या दिवसांत मिटला असता. १४ मार्चला सुरू झाला, समिती आणि आश्वासन घेऊन २० मार्चला संपला. मी जुन्या पेन्शनचा म्हातारा. भाजीची पिशवी घेऊन सतरंजीच्या कडेला जरा वेळ उभा राहिलो. माझ्याच एका विद्यार्थिनीनं, आता तीही मुख्याध्यापिका, जागा करून दिली आणि म्हणाली, "सर, बसा. तुम्ही आमचं मिशन आहात." आयुष्यभर लोकांनी मला गुरू, मास्तर, वेळप्रसंगी खडूस म्हटलं होतं. एखाद्या संपाचं उद्दिष्ट म्हणून कुणी पहिल्यांदाच म्हटलं.

परवा पुतणी आली. एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. बी.एड., एम.ए., अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पाच महिने पगार नाही. अर्ज लिहून आणला होता. "काका, शुद्धलेखन बघून द्या."

शुद्धलेखनात एक चूक नव्हती. उजव्या कोपऱ्यात गाव, तारीख. मा. अध्यक्ष साहेब यांचे सेवेशी. 'मी आपणांस नम्र विनंती करते की'. सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा. आपली आज्ञाधारक. पाचांपैकी पाच. माझ्याच हाताखाली शिकलेली.

मी लाल पेन उचललं आणि म्हटलं, "विनंती काढ. मागणी लिही."

ती लगेच म्हणाली, "आणि मग जूनमध्ये मला शाळेत घेतील का?"

हा प्रश्न गणिताच्या सरांच्या सिद्धान्तात नव्हता. मी पेन खाली ठेवलं. घरात दोन लहान पोरं, नवरा साखर कारखान्यात हंगामी. तिला मी देवळाची ओवरी आणि दहा पैसे सांगून काय उपयोग? आमच्या वेळी मागणी लिहिणारा हात माझा होता, पण तो थरथरला तरी कागदावर दिसलं नाही, कारण खाली साऱ्या तालुक्याच्या सह्या होत्या, आणि तालुक्याच्या पाठीमागं सारं राज्य होतं. मी पुन्हा अर्ज वाचला. आणि पस्तीस वर्षं शिकवलेल्या त्या नमुन्यात एक गोष्ट मला प्रथमच नीट दिसली. विनंती अर्ज नेहमी एकवचनी असतो. मी, माझा, आपला, आज्ञाधारक. एकवचनाला विनंतीच शोभते. मागणी व्याकरणानं अनेकवचनातच चालते.

"शाळेत पगार न झालेले किती जण आहात?" मी विचारलं.

"अकरा. सहा बायका, पाच पुरुष."

"बाकीच्या दहांचे अर्ज कुठं आहेत?"

"ज्यानं त्यानं आपापला लिहिलाय. वेगवेगळा. एकमेकांना दाखवला नाही कुणी. लाज वाटते ना, काका."

आतून ही चहा घेऊन आली. हिनं सगळं ऐकलं होतं. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, सगळ्यांना घेऊन ये इकडं रविवारी. पोहे करते."

पुतणीनं अर्ज परत घेतला, बराच वेळ बघितला आणि स्वतःच्याच पेननं 'मी'वर काट मारून 'आम्ही' लिहिलं. पुढं क्रियापद बदलावं लागलं, 'करते'चं 'करतो' झालं. 'विनंती' तशीच ठेवली. मी म्हटलं, राहू दे. त्यावर रविवारी अकरा जण दोन संध्याकाळी भांडा. आमचं तसंच झालं होतं, आणि त्याशिवाय तो शब्द कुणाच्या हातात बसत नाही. खाली 'आपली आज्ञाधारक'च्या जागी काय लिहायचं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, नुसती नावं लिहा. एकाखाली एक, गोल करून नव्हे, सरळ, पत्त्यासकट.

जिन्यावरून उतरताना तिला मी वरून ओरडून सांगितलं, "आणि पोच घ्यायला विसरू नका!"